गीतेतील ‘हळूहळू’
(अध्याय सहावा, श्लोक २५ ते ३५)

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील पंचविसाव्या श्लोकात ‘हळूहळू’ या अर्थाचे क्रियाविशेषण लागोपाठ दोन वेळा आले आहे. नित्यपाठ करणाऱ्यांच्या जिभेवरून ते रोज जाते. आणि नवल असे की, पाठाच्या घाईत सर्वांत लवकर निसटणारा शब्दही बहुधा हाच असतो. लगेच पुढच्या श्लोकातही अशीच द्विरुक्ती आहे. चंचल मन ज्या ज्या निमित्ताने बाहेर धावेल त्या त्या निमित्तापासून त्याला वळवून आत्म्याच्या ठायी वश करावे, असा त्याचा आशय. दोन्ही श्लोक एकत्र वाचले म्हणजे या पुनरुक्तीचे मर्म उलगडते. मनाचे पळणे एकदाचे नाही, म्हणून त्याचे परतणेही एकदाचे असू शकत नाही. वारंवार उलटणाऱ्या दुखण्याला औषधही वारंवार द्यावे लागते.

त्या श्लोकात जे साधन सांगितले आहे त्याचे नाव उपरम. बाहेर भरकटलेल्या मनाने माघारी येऊन विसावणे म्हणजे उपरम. हे कोणी घडवावयाचे? बुद्धीने. ती बुद्धी कशी असावी? धृतीने हाती धरलेली. लहान मुलाला जत्रेतून घरी आणताना आई त्याचा हात घट्ट धरते, पण त्याला फरफटत नेत नाही. मुलाच्या पावलाने आपले पाऊल टाकते. बुद्धी, धृती आणि ‘हळूहळू’ या तीन शब्दांचे परस्परांशी असलेले नाते साधारण असे आहे.

येथे कोणी शंका घेईल की, मंदपणाची एवढी थोरवी गीतेने कोठे गायिली आहे? उलट अठराव्या अध्यायाच्या अठ्ठाविसाव्या श्लोकात दीर्घसूत्री मनुष्य, म्हणजे आजचे काम उद्यावर ढकलणारा, तामस कर्त्यांत गणला आहे. शंका रास्त आहे. परंतु त्याच प्रकरणात सात्त्विक कर्त्याच्या अंगी धृती आणि उत्साह हे दोन गुण जोडीने सांगितले आहेत, हे विसरता कामा नये. दीर्घसूत्री मनुष्याचा देह मंद असतो, मन मात्र दहा ठिकाणी धावत असते. उपरम साधणाऱ्याचे हात भराभर चालत असतील, पण मन हातांपाशीच असते. तेव्हा ‘हळूहळू’ हे पावलांचे मोजमाप नव्हे, मनाचे आहे.

दुसरी अडचण याहून जुनी आहे. सहाव्या अध्यायात एकांत, शुद्ध जागा, दर्भाचे आसन यांचे वर्णन आढळले की गृहस्थ मनाशी म्हणतो, हे संन्याशांसाठी आहे. आणि पोथी मिटतो. त्याने अध्यायाचा पहिलाच श्लोक पुन्हा पाहावा. फळाचा आश्रय न धरता कर्तव्य करणारा तोच संन्यासी आणि तोच योगी. अग्नी टाकला, कर्म सोडले, एवढ्याने कोणी संन्यासी होत नाही, असे तेथे आरंभीच सांगून टाकले आहे. शिवाय हे ऐकणारा अर्जुन स्वतः गृहस्थ होता, मुलाबाळांचा बाप होता, आणि त्या वेळी तर त्याच्या रथापुढे सैन्य उभे होते. निवांतपणाची वाट पाहावी लागली असती तर गीता सांगितलीच गेली नसती.

हे विवेचन पोथीतल्या पोथीत राहू नये म्हणून बंगळुरातील इंदिरानगर या वस्तीकडे दृष्टी टाकावी. १९७०च्या दशकात आखली गेलेली ही वसाहत प्रारंभी बंगले, बागा आणि निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची घरे यांसाठी ओळखली जाई. १९९०नंतर शहरात संगणक-उद्योग वाढला, आणि तेथील हंड्रेड फीट रोड दुकाने, उपाहारगृहे व कचेऱ्या यांनी गजबजून गेला. २० ऑक्टोबर २०११ रोजी बैयप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी मार्ग हा नगररेल्वेचा पहिला टप्पा सुरू झाला. त्यातील एक स्थानक इंदिरानगरात आहे. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही या नगरात पुष्कळ. सकाळी सात ते नऊ या दोन तासांत त्यांच्या घरांत काय चालते हे मुंबई-पुण्याच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. डबे, शाळेची बस, भ्रमणध्वनीवर येणारे निरोप, आणि या साऱ्यांच्या फटीत कशीबशी उरकलेली देवपूजा. ओठांवर स्तोत्र असते, डोळे घड्याळाकडे असतात, आणि मन कचेरीत पोहोचून कोणाशी तरी वाद घालीत असते. रात्री हाच गृहस्थ म्हणतो, ‘देवासाठी वेळच मिळत नाही.’

पूजा पाच मिनिटांची झाली हा दोष नव्हे. नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ, पाणी एवढ्यावर संतोष मानला आहे, आणि त्याच्या पुढच्याच श्लोकात जेवण, दान, तप, जे जे म्हणून केले जाते ते ते अर्पण करावयास सांगितले आहे. पाणी पुरते, वेळ थोडा चालतो. पण देणारा तेथे हजर असावा लागतो. त्या पाच मिनिटांत गृहस्थ घरात नसतोच. मग अर्पण कोणी केले?

पाण्याचेच पाहावे. सातव्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात आपल्या विभूती सांगू लागताना भगवंतांनी सर्वांआधी पाण्यातील रसाचे नाव घेतले. सूर्यचंद्रांची प्रभा त्यानंतर आली. ज्या वस्तूचा स्पर्श मनुष्याला दिवसातून पंचवीस वेळा होतो तिच्यापासून ईश्वराच्या ओळखीचा आरंभ केला आहे. आता इंदिरानगरातील एखाद्या स्वयंपाकघरात सकाळी भरलेला तांब्या घ्या. कोडगू जिल्ह्यातील तळकावेरी येथे उगम पावलेल्या नदीचे हे पाणी. मंड्या जिल्ह्यातील तोरेकाडनहळ्ळी येथून, सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, ते नळांतून शहरात येते. आणि बंगळूर उंच पठारावर असल्याने यंत्रांच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने त्याला जवळजवळ पाचशे मीटर वर चढवावे लागते. या योजनेचा पहिला टप्पा १९७४ साली पुरा झाला. डोंगरावरचा पाऊस, नदी, शेतकऱ्याच्या वाट्याला न जाता शहराला मिळालेला तिचा हिस्सा, रात्रपाळीत पंपांजवळ जागणारी माणसे, इतके सगळे त्या एका तांब्यात येऊन बसलेले असते. तो तोंडाला लावून रिकामा करावयास मनुष्याला चार पळेही लागत नाहीत.

तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे वर्णन आहे. अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस, यज्ञ कर्मापासून. हे चक्र ज्याच्यापर्यंत येऊन थांबते, जो घेतो पण परत देत नाही, त्याला भगवंतांनी चोर म्हटले आहे. शब्द कठोर आहे. परंतु चोरीचा पहिला भाग न देणे हा नसून न पाहणे हा असतो. ज्याने घेतलेलेच पाहिले नाही तो परत काय देणार? २०२४ सालच्या उन्हाळ्यात बंगळुरात कूपनलिका आटल्या, टँकरसाठी रांगा लागल्या, तेव्हा पाण्याची किंमत घरोघर कळली. टंचाईने डोळे उघडतात यात संशय नाही. पण पाऊस पडताच ते पुन्हा मिटतात, कारण ती जाग भीतीची होती. तांब्या भरताना क्षणभर हात थांबला, हे पाणी कोणाचे एवढा प्रश्न मनात आला, तर नवव्या अध्यायातील अर्पण आणि तिसऱ्या अध्यायातील यज्ञ हे दोन्ही त्या ओट्यापाशीच सुरू होतात.

याच वस्तीत आणखी एक गोष्ट रोज नजरेआड होते. नगररेल्वेचा मार्ग ज्या रस्त्यावरून जातो त्याला सर्वजण ‘सी. एम. एच. रोड’ म्हणतात. रिक्षावाला म्हणतो, दुकानदार म्हणतो, पत्त्यावर तेच लिहितात. ही तीन अक्षरे चिन्मय मिशन हॉस्पिटल या रुग्णालयाची आहेत, आणि त्यांतील पहिले अक्षर स्वामी चिन्मयानंदांचे. १९१६ साली एर्नाकुलम येथे जन्मलेले बालकृष्ण मेनन वृत्तपत्रात लिहीत असत. साधूंचे ढोंग उघडे पाडणारा लेख लिहावा अशा विचाराने ते १९४७ साली हृषीकेशास गेले. पत्रकाराला घाई असते. दोन दिवस पाहावे, चार माणसांना विचारावे, मजकूर पाठवून द्यावा. पण ते तेथे रमले. १९४९ साली स्वामी शिवानंदांकडून त्यांनी संन्यास घेतला, आणि पुढे उत्तरकाशीस तपोवन महाराजांपाशी बसून उपनिषदे व गीता यांचा सावकाश अभ्यास केला. त्यानंतर डिसेंबर १९५१ मध्ये त्यांनी आपला पहिला ज्ञानयज्ञ मांडला तो पुण्यात, गणपतीच्या मंदिरात; महाराष्ट्रीय वाचकांना याचे विशेष वाटावे. तो शंभर दिवस चालला. जो लेख चार दिवसांत लिहून व्हावयाचा होता त्याच्या जागी हे घडले. आज त्या रस्त्यावरून जाणाऱ्या हजारो लोकांच्या मुखी गीतेच्या एका आचार्याच्या नावाचे आद्याक्षर दिवसभर असते, आणि ते कोणाच्या ध्यानीमनी नसते. नामस्मरण असे नकळत होते म्हणून समाधान मानावे, की नाम जिभेवर असून स्मरण नाही म्हणून खेद करावा? दुसराच पक्ष खरा दिसतो.

मग मनुष्य थांबत का नाही? वेळ नाही हे कारण वरवरचे आहे. खरे कारण पहिल्या अध्यायात सापडते, आणि त्याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष होते, कारण पहिला अध्याय हा पुष्कळांना गीतेचा नुसता उंबरठा वाटतो. शंख वाजून गेले होते, शस्त्रे चालू लागण्याच्या बेतात होती, अशा वेळी अर्जुनाने दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा करावयास सांगितले. भगवंतांनी तो उभा केला. सारथी प्रत्यक्ष परमात्मा, रथ स्थिर, चहूकडे दृष्टी मोकळी. अशा त्या थांबण्यात अर्जुनाला प्रथम काय दिसले? विश्वरूप नव्हे, ते पुढे दहा अध्यायांनी. त्याला आजोबा दिसले, गुरू दिसले, मामा, भाऊ, मुले, नातू, सोबती दिसले. अंगाचा दाह झाला आणि गांडीव हातातून गळू लागले. रथ धावत असता ज्या माणसांना तो नुसते ‘शत्रुसैन्य’ म्हणत होता त्यांना रथ थांबताच चेहरे आले.

वेग हा असा एक पडदा आहे. तो पडला असता दुःख दिसत नाही, म्हणून मनुष्य तो ओढून धरतो. जो थोडा थांबेल त्याला आधी देव भेटेल अशी आशा कोणी दाखवीत असेल तर ती गीतेला धरून नाही. आधी विषाद भेटतो. मात्र गीतेने त्या विषादालाही योग म्हटले आहे. त्यातून पळून न जाता अर्जुनाने सारथ्याला प्रश्न केला, म्हणून पुढचे सतरा अध्याय झाले.

इंदिरानगरातील त्याच घराची कल्पना पुढे न्यावी. गृहस्थाची वृद्ध आई महाराष्ट्रातील आपले गाव सोडून मुलाकडे राहावयास आली आहे. रोज सकाळी, मुलगा बूट घालीत असता, ती विचारते, ‘अरे, आज वार कोणता?’ तो खाली मान घालूनच सांगतो, ‘बुधवार.’ थोड्या वेळाने ती पुन्हा विचारते. तो पुन्हा सांगतो, जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा विचारले की सून उत्तर देते. हे कित्येक महिने चालले आहे, आणि घरात कोणी वाईट नाही; औषध वेळेवर आहे, जेवण आहे, खोली आहे. एका सुटीच्या दिवशी हा गृहस्थ सहाव्या अध्यायाचा पाठ संपवून उठतो आणि सहज आईकडे पाहत राहतो. ती हातातील वाटी खाली ठेवते ती दोनदा चाचपून ठेवते. तिचे डोळे दाराकडे आहेत. वार कोणता हे तिला कळेनासे झाले आहे, आणि आपल्याला कळत नाही हे मात्र तिला कळते आहे. गृहस्थाच्या पोटात कालवते. इतके दिवस हे दिसले कसे नाही? दिसले नाही असे नव्हे. दिसू दिले नाही.

सहाव्या अध्यायाचा क्रम येथे नीट पाहावा. पंचविसाव्यात हळूहळू उपरम. सव्विसाव्यात पुनःपुन्हा माघारी आणणे. एकोणतिसाव्यात सर्व भूतांत आत्मा व आत्म्यात सर्व भूते. तिसाव्यात ते प्रसिद्ध वचन, ज्याचा आशय असा की, जो परमेश्वराला सर्वत्र आणि सर्व काही परमेश्वरात पाहतो त्याला परमेश्वर कधी अंतरत नाही. पुष्कळ प्रवचने या ठिकाणी थांबतात. परंतु भगवंत थांबले नाहीत. बत्तिसाव्या श्लोकात त्यांनी परम योग्याचे लक्षण दिले आहे, आणि ते समाधीचे नाही, तेजाचे नाही, चमत्काराचे तर नाहीच. आपल्यावरून दुसऱ्याचे सुख आणि दुःख जो जाणतो, तो श्रेष्ठ योगी. ‘सर्वत्र देव दिसू लागला’ असे वाटणाऱ्याने ते दर्शन या कसोटीवर घासून पाहावे. सूर्योदयाचे रंग पाहून डोळे भरून येतात आणि घरातल्या माणसाचा चेहरा पाहावयास सवड नसते, तर ते दर्शन अजून डोळ्यांपुरतेच आहे.

या संदर्भात महिपतीने भक्तविजयात वर्णिलेली गोरा कुंभारांची कथा महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. नामाच्या तंद्रीत माती तुडविताना पायांखाली आपले मूल आले याचे भान त्यांना राहिले नाही. पुढे पांडुरंगाच्या कृपेने ते मूल परत मिळाले. भक्तीची पराकाष्ठा म्हणून ही कथा वंद्य आहे, आणि संतचरित्राची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे. तथापि गृहस्थाने तिचे अनुकरण करावे असे कोणी सुचवीत असेल तर त्याला नम्रपणे नकार द्यावा. मूल परत मिळणे हा देवाचा अनुग्रह. त्यावर संसाराचा हिशेब बांधता येत नाही. गृहस्थाला सावता माळ्यांचा मार्ग अधिक जवळचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील अरण गावी त्यांनी मळा पिकविला आणि त्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. मळा करणाऱ्याचे भान सुटून चालत नाही. पाणी कोणत्या वाफ्यात गेले, कीड कोणत्या पानावर पडली, हे रोज वाकून पाहावे लागते. त्या वाकण्यातच त्यांचे नमन होते.

आता अर्जुनाची तक्रार. तेहेतिसाव्या व चौतिसाव्या श्लोकांत तो स्पष्ट म्हणतो की, हा समत्वाचा योग टिकेल असे दिसत नाही. मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरणे फार कठीण. भगवंतांनी त्याला रागे भरले नाही, की सोपे आहे असेही म्हटले नाही. मन आवरणे कठीण आहे हे त्यांनी मान्य केले; आणि अभ्यास व वैराग्य ही दोन साधने सांगितली. अभ्यास म्हणजे तेच ते पुन्हा करणे, जे त्या द्विरुक्तीत आधीच सुचविलेले होते. वैराग्याचा अर्थ येथे घर सोडणे असा घेण्याचे कारण नाही. दाराशी आई बोलत असता खिशातील यंत्र वाजले, आणि ते कोणाचे आहे हे पाहण्याची इच्छा क्षणभर बाजूला ठेवली, तर तेवढ्यापुरते ते वैराग्यच आहे. आणि करून पाहणाऱ्याला ते वाटते तितके सोपे नाही हे लगेच कळून येईल.

अभ्यासाची चाल कशी असावी याचा एक दाखला जवळचाच आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात असता त्यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे अठरा अध्यायांवर प्रवचने केली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तुरुंगात वेळेला तोटा नव्हता, रोज एक अध्यायही सांगता आला असता. पण अध्यायामागे आठवडा असा क्रम राहिला, आणि मधल्या सहा दिवसांत ऐकणाऱ्यांना आपल्या नेमून दिलेल्या कामांमध्ये तो अध्याय बाळगावा लागला. इंदिरानगरातील गृहस्थानेही अठरा अध्याय एका बैठकीत संपविण्याचा हव्यास सोडून आठवड्याला एकच श्लोक घ्यावा. पहिला आठवडा पाण्याच्या तांब्याचा. दुसरा, पंधराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकाप्रमाणे, ताटावर बसताना. अन्न पचविणारा अग्नी परमेश्वरच आहे असे तेथे म्हटले आहे, मग पहिला घास तरी दूरदर्शनाकडे न पाहता घेतला जावा. तिसरा आठवडा दाराशी येणाऱ्यांचा. हे नियम मोडतील. मोडले की दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावे. मोडल्याच्या दुःखात आठ दिवस घालविणे हीही घाईच आहे, फळाची घाई.

सोमवारी सकाळी बूट घालताना आईने विचारले, ‘अरे, आज वार कोणता?’ गृहस्थ बुटाचा बंद तसाच सोडून तिच्या शेजारी खुर्चीवर बसला. ‘सोमवार, आई.’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे गुरुवार लांब आहे अजून. दत्ताला शेवंतीचा हार घालायचा होता मला. तुझे बाबा आणत असत.’ इतके महिने ती वार का विचारीत होती हे त्या दिवशी कळले.

त्या भागात फुलांची माळ हाताच्या मापाने विकतात. गुरुवारी गृहस्थ नगररेल्वेच्या स्थानकाकडे जाण्याऐवजी आधी कोपऱ्यावर गेला. फुलवालीने कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत माळ ताणून मोजली, पानात गुंडाळली, आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारले. रोज तो तिच्यावरून जात होता. तिची भाषा त्याला येत नव्हती. त्याने पुन्हा विचारावयास खूण केली, आणि ती पुन्हा, हळूहळू, बोलली.